कुजबुजही नाही
(रोजनिशीतील पाने, २०२५)

१० जुलै
गुरुपौर्णिमा. नऊ विद्यार्थिनी, नऊ नारळ. दोन शाली, एक स्टीलचा डबा. आईने नारळ मोजले. "पोळ्यापर्यंत खोबरं पुरते आता."

पोरी भूप गायल्या. शेवटी मला बसवलं. तार सा लागलाच नाही. नुसती हवा. पुन्हा घेतला. पुन्हा हवा.

"मॅडम, हे तुमचं जॅझ का?" कारंजाच्या पोरीने विचारलं.

हो म्हटलं.

११ जुलै
पहाटे खर्ज लावून पाहिला. काळी चार. खाली ठीक. मध्यमापासून वर फाटतो.

मुंबईत मुद्दाम फाडायचे. बारा वर्षं. श्वास आत ओढताना निघणारा सूर, एका दमात दोन सूर, घोगरा, किनरा, गंजलेल्या बिजागरीसारखा. चौदा-पंधरा माणसं टाळ्या वाजवायची. फाटलेला आवाज हाही आवाजच, असं मोठ्या तोऱ्यात सांगत असे. तेव्हा फाडून परत शिवता यायचा.

१४ जुलै
शाळा. साठ पोरं, एक पेटी. पंख्याची खडखड. भिंतीपलीकडे कवायत. पंधरा ऑगस्टची समूहगीतं आतापासून. माइक मागितला.

"बाई, तुम्हाला कशाला माइक? तुमचा आवाज खणखणीत!"

चार तास ओरडले.

१५ जुलै
घसा बसला. हळद-दूध. ज्येष्ठमध. शेजारच्या काकू कंकोळ घेऊन आल्या, दूधवाल्याने आल्याचा रस सांगितला, रिक्षावाल्याने गुळण्या. सगळ्या वाशीमकडे माझ्या घशाचं औषध आहे.

१७ जुलै
नोव्हेंबरच्या परीक्षांची चौकशी सुरू झाली. गांधर्व मंडळाची प्रवेशिका चौघींना, मध्यमा दोघींना. बाकीच्या प्रारंभिक.

परीक्षेमुळे क्लास चालतो, खोटं कशाला लिहू. आईबापांना कागद हवा. त्या कागदाचा मला राग येतो आणि त्याच कागदावर माझं वीजबिल भरलं जातं. मुंबईतल्या गाण्याचा माझ्याकडे एकही कागद नाही. दोन पोस्टर होती, गच्चीवरच्या खोलीत. वाळवी.

१९ जुलै
अकोला. सकाळची एसटी. नाक-कान-घसावाले. नाकातून नळी घातली, समोर पडदा.

दोन पांढऱ्या पट्ट्या. उघडतात, मिटतात. मधोमध दोन्हींवर समोरासमोर एक-एक दाणा, तांदळाच्या कणीएवढा. पट्ट्या मिटतात तेव्हा आधी ते दाणे टेकतात आणि दोन्ही बाजूंना फट राहते. तिथून हवा जाते. तीच माझी गुरुपौर्णिमेची हवा.

सत्तेचाळीस वर्षांत माझं वाद्य पहिल्यांदा पाहिलं. सतारिया रोज जवारी पाहतो.

"काय करता?"

"गाणं शिकवते. गाते."

"गाणाऱ्या बाया कमी येतात माझ्याकडे. शिकवणाऱ्याच जास्त. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजही नाही. कुजबुजीने जास्त बिघडते."

कोणतं गाणं, हेही विचारलं. जॅझ, शब्द नसतात बरेचदा, असं सांगितलं. म्हणाले, "मग तर सोपं झालं."

जॅझबद्दलचं ते मी बोललेलं शेवटचं वाक्य. येताना एसटीत तिकीट बोटांनी मागितलं. वाहकाने मोठ्याने आणि हळूहळू उत्तर दिलं, जणू मी बहिरी आहे.

२० जुलै
मौन, दिवस १.

पाटी आणली. आई म्हणते, "पाटी काहून आणली? मले चष्माच सापडत नाही."

२१ जुलै
क्लासमध्ये फळ्यावर लिहिलं. आधी हसल्या. मग एकदम गप्प. सगळ्या माझ्याकडे पाहत बसल्या, मी त्यांच्याकडे. दोन मिनिटं तरी गेली असतील. शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या.

मग हात वर केला. सगळ्यांनी सा लावला. हात खाली. उतरल्या. मूठ. थांबल्या. बोट फिरवलं, काय करावं कळेना, कारंजाचीने तीच सुरावट पुन्हा पुन्हा म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या मागोमाग.

बुच मॉरिस हेच करायचा. न्यूयॉर्कचा. १९८५पासून. समोर नोटेशन नाही, ताल ठरलेला नाही, नुसत्या हातांच्या खुणांवर तीस-तीस वादक. मी मुंबईत असताना याच्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. पाच माणसं आली, त्यातले दोन आयोजक.

इथे एका खोलीत नऊ जणी. फुकट.

२३ जुलै
आज डोळे मिटून ऐकलं. प्रत्येकीला एकटीने भूपाचे आलाप.

सात जणी माझ्या आवाजात गातात. मी कधी मुद्दाम शिकवलं नाही ते सगळं उचललंय. गंधारावर येण्याआधीची ती अर्धी मींड. ओळ संपताना श्वास टाकायची माझी खोड. आणि वर चढताना, तार सा घ्यायच्या जरा आधी, आवाज खरखरतो. सातही जणींचा. सोळा-सतरा वर्षांचे गळे. त्यांना कणी नाही, काही नाही. माझं दुखणं त्यांनी अलंकार म्हणून घेतलं.

आठवी घाबरून पुटपुटते. नववीचा सूर हलतो.

नववी म्हणजे मानोऱ्याकडची. तांड्यावरची. जूनमध्ये आली, इथे होस्टेलला राहते. हलतो म्हणजे बेसूर नाही. सा धरायला सांगितला की ती त्याच्या खालून येते, टेकते, जरा वर जाते, परत येते. पेटीशी जुळत नाही. तेव्हापासून मी तेच पुसून काढायच्या मागे होते.

२४ जुलै
रात्री झोप नाही.

२६ जुलै
मुंबईतल्या माझ्या बासवाल्याचा मेसेज. बांद्र्याहून. "सप्टेंबरमध्ये एक जागा मिळतेय, दोघंच करू, फक्त बास आणि आवाज, जुन्यासारखं." नंतर त्याच्या त्या मोठ्या वाद्याचा फोटो, खिडकीशी टेकवलेला.

"बरं" लिहिलं. पुसलं.

त्याचे वडील हॉटेलांतल्या बँडमध्ये, मग सिनेमांच्या वाद्यवृंदात. गोव्याचे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना हाताशी चिक चॉकलेट लागायचा, तोही गोव्याचा, ट्रम्पेटवाला. 'अलबेला' १९५१चा. आमच्या घरी ती गाणी रेडिओवर लागली की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. जॅझ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते जॅझवर मान हलवायचे.

बासवाल्याच्या वडिलांनी १९७८मध्ये पहिल्या जॅझ यात्रेत सॉनी रोलिन्सला ऐकलं. त्याच साली मी जन्मले. वाशीम तेव्हा जिल्हाही नव्हता, अकोल्याचा तालुका.

२०१६ला बाबांचा उजवा हात गेला, वाचा गेली. मी मुंबईहून महिनाभरासाठी म्हणून आले होते.

२९ जुलै
नागपंचमी. गावात कोणी तवा ठेवत नाही. आमच्याकडे पुरणाचे दिंड.

३० जुलै
रिसोड नाक्याकडच्या पोरीचे वडील आले. "मॅडम, हे हात हलवणं परीक्षेत येते का?"

पाटीवर लिहिलं: नाही.

"मग?"

पाटी लहान पडली. पोरगी उद्यापासून येणार नाही. तिच्यासोबत तिची मैत्रीणही. सात उरल्या.

१ ऑगस्ट
कारंजाचीच्या मोबाइलवर इंग्रजी रॅप. मागे एक तुकडा फिरत होता. हात वर करून थांबवलं. परत लावायला लावला. ओळखीचा आवाज.

फळ्यावर लिहिलं: आशा पुथली.

कोणालाच माहीत नाही. अर्धा फळा भरला. जन्म मुंबई, १९४५. शास्त्रीयही शिकली, ऑपेराही. न्यूयॉर्कला गेली. १९७१मध्ये ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये दोन गाणी गायली. पुढे डिस्को. तिच्या १९७६च्या 'स्पेस टॉक'चा तुकडा १९९७मध्ये नोटोरियस बी.आय.जी.च्या गाण्यात आला. तोच हा, तुमच्या फोनमधला. आज ती ८० वर्षांची आहे.

"आपल्या मुंबईची? मग आपल्याले कोणी सांगतलं काहून नाही?"

पाटी कोरीच ठेवली.

मी 'सायन्स फिक्शन' ऐकलं ते कोणाच्या तरी कॉपी केलेल्या सीडीवर, डोंबिवली लोकलमध्ये, उभ्याने. दोन ड्रमवाले सैरावैरा पळतायत. पितळी वाद्यं मात्र संथ, अंत्ययात्रेच्या चालीने. आणि त्यांच्यासोबत ही बाई. घाई नाही, नखरा नाही, तान नाही. ख्याल येत असून तिने तो गाण्यात कोंबला नाही. ठाणे गेलं, माझं उतरायचं राहिलं. मी त्या वेळी ठाण्याच्या एका ऑफिसात डेटा भरायचे.

फ्यूजनवाल्यांचं मला कधी पटलं नाही. मागे गिटार, पुढे यमनची तान, मधे तबल्याची तिहाई, झालं. दोन पाहुणे एका ताटात जेवायला बसवल्यासारखं. ती तसं करत नाही.

४ ऑगस्ट
मौन, दिवस १६. स्वप्नात बोलते. आई म्हणते मोठ्याने बोलते. ते मोडलं धरायचं का, डॉक्टरांना विचारायचं आहे.

६ ऑगस्ट
मोडलं. दूध उतू चाललं होतं. "अगं दूध!"

आवाज स्वच्छ होता. जुन्या मैत्रिणीसारखा. घाबरून तोंडावर हात ठेवला.

८ ऑगस्ट
मानोऱ्याची तीजेसाठी तांड्यावर गेली. नऊ दिवस. दुरड्यांत गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी घालायचं, कुमारिकांनीच. जाताना म्हणाली, "मॅडम, शेवटच्या दिवशी या. आमची दादी गाते."

बाकी सहा जणी. आज पहिल्यांदा कोणाची तरी आठवण येऊन क्लास मोठा वाटला.

११ ऑगस्ट
अकोला. डाव्या पट्टीवरचा दाणा जवळजवळ गेला. उजवा आहे, लहान झालाय. शस्त्रक्रिया नको. तासाला दहा मिनिटं बोलायचं. शाळेत माइकशिवाय नाही.

व्यायाम दिला. पाण्याच्या बाटलीत नळी घालायची आणि हूं करत बुडबुडे काढायचे. दिवसातून सहा वेळा.

२००९मध्ये मी बादलीभर पाण्यात तोंड घालून चाळीस मिनिटांचा कार्यक्रम केला होता. तिकीट १५० रुपये. एकाने मधेच उठून पैसे परत मागितले. आता डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात.

१२ ऑगस्ट
शीला जॉर्डन गेली. काल, न्यूयॉर्कमध्ये. ९६ वर्षांची.

बासवाल्याने कळवलं. पुढे काही लिहिलं नाही त्याने. मीही नाही. बास आणि आवाज, दोघंच, मधे पियानो नाही, ड्रम नाही: ही वाट तिने पाडली. आम्ही तिच्याच वाटेवरून चालत होतो.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या वस्तीत आजी-आजोबांकडे वाढली. चार्ली पार्करच्या मागे मागे फिरून कानाने शिकली. १९६२मध्ये ब्लू नोटवर पहिली रेकॉर्ड केली. मग? मग टायपिस्ट. मुलगी एकटीने वाढवायची होती. साठीच्या उंबरठ्यापर्यंत दिवसा ऑफिस, रात्री गाणं. १९७८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात जॅझ गायन शिकवायला लागली. अमेरिकेत असा वर्ग त्याआधी क्वचितच कुठे होता.

टायपिस्ट हा शब्द मी मुंबईत असताना वाचला तेव्हा वाईट वाटलं होतं तिच्याबद्दल.

आणि आपले वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२०. कारंजावरून शकुंतलेने जायचं गाव. ती झुकझुक गाडीही बंद पडली. वसंतरावांनी वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. कोणत्याच घराण्याच्या चौकटीत बसले नाहीत. दिवसा आकडे, रात्री ते गाणं. ते आमच्या विदर्भाचे म्हणून छाती फुगवतो आम्ही. ते हयात असताना आमच्या बाजूने किती बैठका झाल्या, हे विचारू नये.

संध्याकाळी पोरींना शीलाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पुटपुटणारी, आठवी, म्हणाली, "हिचा आवाज काही फार चांगला नाही न मॅडम?"

नाही. बोलून सांगितलं. माझ्या दहा मिनिटांतलं एक मिनिट.

१३ ऑगस्ट
पुटपुटणारी आज मोठ्याने गायली. बरीच बेसूर.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. समूहगीत पोरांनी ओरडून म्हटलं. मी हातांनी. कोणाला फरक कळला नाही. माइक भाषणाला होता.

पाऊस धरूनच आहे. नाल्याकाठचं सोयाबीन पिवळं पडतंय.

१७ ऑगस्ट
मानोरा, तिथून ऑटो, शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून पायी. चपला हातात.

तीज तोडायचा दिवस. वीतभर पिवळे-हिरवे अंकुर. नायकाच्या दारापुढे मचाण, त्यावर दुरड्या. पोरी गोल फिरत गातात. एकीचा सूर संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो, मधे भोक पडत नाही. एकाच पट्टीत कोणीच नाही आणि बिघडतही नाही. मी हे मुंबईत कागदावर बाण काढून समजावायचे. शेवटी अंकुर खुडून म्हाताऱ्यांच्या पागोट्यात खोवले. एकाने मलाही दिले. केसांत खोवले.

दादी. सत्तरीच्या पुढची. हातभर बलोये, हस्तिदंती नव्हे, प्लास्टिकचे. तिला ढावलोबद्दल विचारलं. लग्न होऊन निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून म्हणते ते. पोरीने गोरबोलीत समजावून सांगितलं. दादी ठाम. लग्न नसताना ढावलो म्हणत नाहीत.

चहा झाला. पाऊस आला. सगळे आत. पोरी बाहेर भिजत होत्या. दादी भिंतीकडे तोंड करून बसली आणि दोन ओळी म्हटल्या. दोनच.

सूर खालून चढतो. चढता चढता हुंदका येतो, ठरलेल्या जागी नाही पण जिथे येतो तिथेच यायला हवा होता असं वाटतं. मग लांब, घसरत खाली. रडणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं ते मला, तीस वर्षं सूर मोजणाऱ्या बाईला, सांगता येणार नाही. आणि सा? तो तिथे होता. खालून येऊन, टेकून, जरा वर जाऊन परत येणारा. पोरीचा सा.

मोबाइल काढला होता. बंद केला.

विचारलं, पोरींना कसं शिकवता. दादीला प्रश्न विचित्र वाटला. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बसवतात. आधी म्हणून दाखवत नाही का? हसली. पोरीने मराठीत सांगितलं, "दादी म्हणते, म्हणून काय दाखवायचं? जिचं रडू तिनंच रडावं लागते."

परत येताना ऑटो बंद पडला. ढकलला.

१८ ऑगस्ट
क्लास. मानोऱ्याचीला सांगितलं, पेटी बंद ठेवून गा.

"आणि परीक्षा?"

परीक्षेत पेटीशी लाव. इथे तुझा लाव. दोन्ही येऊ दे.

हे बरोबर की चूक, माहीत नाही. परीक्षक पेटीवर बोट ठेवूनच बसतो.

२२ ऑगस्ट
पोळा. बैलांच्या घुंगरांचे आवाज सकाळपासून. खिडकीत बसून नळीतून हूं केलं. ट्रॅक्टरला पण झूल घातलेली पाहिली.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. पाटणी चौकातला डीजे आमच्या गच्चीवरच्या पत्र्याला वाजवतो. आईची कवळी ग्लासात थरथरते.

बासवाल्याला लिहिलं: मुंबईत नको. तू इकडे ये.

२८ ऑगस्ट
त्याचं उत्तर: "बास घेऊन? वाशीमला?"

हो.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या. मी गप्प राहून पंगत वाढली, सगळ्या बाया म्हणाल्या किती शांत झाली ही.

९ सप्टेंबर
अकोला. उजवा दाणा टाचणीच्या टोकाएवढा. गायला परवानगी. मध्य सप्तकातच, वीस मिनिटं.

कमरेला बांधायचा माइक घेतला, सहलीचे गाइड वापरतात तो. १,१५० रुपये, माझ्या खिशातून. शाळेतली पोरं म्हणाली, "बाई, पुढची गाडी किती वाजता?"

१२ सप्टेंबर
पितृपक्ष. लग्नं नाहीत, मुंज नाही, हॉल अर्ध्या भाड्यात. मालकाने दोनदा विचारलं, या पंधरवड्यात गाण्याचा कार्यक्रम करता? शब्द नाहीत त्यात, म्हटलं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

खुर्च्या ४०. चहा ५० कप. पोस्टर नाही, व्हॉट्सॲप.

१९ सप्टेंबर
बासवाला आला. अकोल्यापर्यंत रेल्वेने, तिथून जीप. बास जीपच्या टपावर, काळ्या खोळीत, दोरांनी बांधलेला. पुसद नाक्यावर लोक नमस्कार करत बाजूला झाले. जीपवाल्याने वाटेत तीनदा विचारलं म्हणे, "भाऊ, खरं सांगा, यात मयत तर नाही न?"

आईने वाद्य चहूबाजूंनी पाहिलं. "हा तर सारंगीचा आजा."

नऊ वर्षांनी भेटलो. त्याचे केस गेले. माझं तार सप्तक गेलं. दोघांनी यावर काही म्हटलं नाही. बाबांच्या फोटोपुढे तो थोडा वेळ उभा राहिला.

२० सप्टेंबर
माणसं १९. आयोजकांत मोडणारी आम्ही चौघं सोडून.

प्रास्ताविकाला आमचे निवृत्त संस्कृतचे सर. राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न वत्सगुल्मात लागतं, ते वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वाकाटकांची राजधानी. यावरच पंधरा मिनिटं. जॅझबद्दल एक वाक्य: "हे तिकडचं भजन आहे असं समजा." मला आजवर मिळालेली सगळ्यात बरी ओळख.

सुरू केलं आणि वीज गेली. बासला वीज लागत नाही, मलाही नाही. मोबाइलचे दिवे लोकांनी आपणहून धरले. मी पाच सुरांत गायले. पाचच. वर जायचं नव्हतं. सगळ्यात जाड तार तो धनुकलीने ओढत होता, इतकी हळू की खुर्च्या गुणगुणत होत्या. तिच्या अंगावर मी षड्ज ठेवला. खालून आले. टेकले. मधे मी बराच वेळ काहीच गायले नाही. पूर्वी मला शांतता सहन व्हायची नाही, तिच्यात काहीतरी कोंबायचे.

मग पोरी. हातांच्या खुणा. सहा जणी. सहा आवाज, निदान चार तरी वेगळे.

मानोऱ्याची आली नाही. तिकडे मूग-उडदाची तोडणी, त्यात एसटी नाही.

समोरच्या रांगेतल्या काकू शेवटी म्हणाल्या, "शब्द असते तर बरं झालं असतं. पण झोप नाही आली."

रिसोड नाक्याचे वडील मागे उभे होते. कधी आले, कधी गेले कळलं नाही.

खर्च ६,४०० रुपये. डब्यात जमले २,३१०.

रात्री गच्चीवर बासवाला म्हणाला, "आता कमी गातेस."

तक्रार आहे का?

"नाही. मला वाजवायला जागा मिळाली."

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. बाबांचं पान ठेवलं.

बासवाला गेला. ट्रॅव्हल्सवाल्याने बास डिकीत घ्यायला नकार दिला, टपावर पाऊस. दिवाळीनंतर येऊन नेतो म्हणाला. क्लासच्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे. खोली एकदम लहान झाली. आईने त्याच्यावर जुनी चादर टाकली आणि लगेच काढली. "रात्री भेव वाटन पोरींले."

२२ सप्टेंबर
घट बसले. आईने दुरडीत गहू पेरले.

पुटपुटणारी रजेवर. मानोऱ्याची आली, हात काळे, मुगाच्या शेंगांनी. कार्यक्रमाबद्दल तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सगळ्यांच्या आधी आली होती. मी आतून ऐकलं. तिने बासची सगळ्यात जाड तार अंगठ्याने छेडली. थांबली. पुन्हा छेडली.

"मॅडम, हा कोणता सा?"

सांगितलं नाही. तिने लावून पाहिला.

परीक्षेचे अर्ज सहा. तिचाही आहे.